विंचवाचं बिऱ्हाड

कॅम्परव्हॅन म्हणजे स्वातंत्र्य, असं जे लोक सांगतात त्यांना एकदा तिच्या संडासाची पेटी धुवायला लावली पाहिजे.

आमचा मेहुणा ऑकलंडला असतो. त्याच्या आग्रहाखातर तो, त्याची बायको, आमची ही आणि मी, असे चौघे २६ दिवस न्यूझीलंडभर असल्या गाडीतून हिंडलो. "दाजी, घरच बरोबर! हॉटेल शोधायला नको, सामान बांधायला नको," तो म्हणाला होता. घर बरोबर असतं हे खरंय. पण घराबरोबर घरकामही येतं, हे कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत.

बी.कॉम. झालेला माणूस मी, म्हणून नुसता हिशेब मांडतो. झोपायचं तर जेवणाचं टेबल मोडून पलंग करा, जेवायचं तर पलंग मोडून टेबल करा. डिझेलचे पैसे पंपावर द्या, वर किलोमीटरच्या हिशेबाने रस्त्याचा कर वेगळा द्या. वेलिंग्टनहून पिक्टनला जायला गाडी बोटीत चढवा, पण आधी गॅस बंद करा. विमानतळावर खाण्याची प्रत्येक पुडी जाहीर करा, नाहीतर ४०० डॉलर दंड भरा. आणि फोडणी! एवढ्याशा डब्यात हिंगाची फोडणी दिली की ती रात्री उशीत भेटते.

सर्वांत कडक हिशेब पाण्याचा. नगरपालिकेच्या जागेत फुकट मुक्काम करायचा तर गाडी सहसा 'स्वयंपूर्ण' लागते. म्हणजे माणशी रोज ४ लिटर याप्रमाणे ३ दिवसांचं पाणी, सांडपाण्याची टाकी आणि २०२३ च्या कायद्यानुसार गाडीत पक्का बसवलेला संडास. माणशी ४ लिटर ऐकून मेहुण्याच्या बायकोचा चेहरा उतरला. आम्ही लातूरकर मात्र गालात हसलो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आमच्यासाठी पाण्याची रेल्वे आली होती, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती! भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी कशी विसळायची, हे शास्त्र आमच्या हिने परदेशात शिकवून आलीय.

तरी सहल सुखाची झाली. पण ती गाडीमुळे झाली, असं कुणी सांगितलं तर मी भांडायला तयार आहे. तिथे लहान लहान गावांतही घाण ओतायची ठरलेली जागा असते, जवळच पाण्याचा नळ असतो आणि सार्वजनिक संडास असा असतो की बाईमाणूस निर्धास्त आत जातं. गाडी नुसती चालते. सुख नगरपालिका देते.

आपल्याकडे कॅम्परव्हॅन नाही, असं मात्र समजू नका. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून ऊसतोडीची बिऱ्हाडं निघतात. कुणी ट्रकमधून, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कुणी बैलगाडीत. नवराबायको मिळून हिशेबात एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पाच-सहा महिने कोपीतला संसार. पाणी हंड्याने, अंघोळ अंधारात, संडास शेतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवरच, त्यांचंही आणि आमचंही. फक्त आमच्या बिऱ्हाडाला सहल म्हणतात आणि त्यांच्या बिऱ्हाडाला हंगाम.

२०२१ साली आपल्या राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या उभ्या करायला खास जागा, तिथे वीज, पाणी, सांडपाण्याची सोय, असा तो बेत. होऊ द्या की! माझं भांडण गाडीशी नाही, क्रमाशी आहे. चार दिवस हौसेने फिरणाऱ्याला जो नळ आणि जो संडास द्यायचा, तो पोटासाठी सहा महिने फिरणाऱ्या बाईला आधी द्या. लातूरहून नांदेडला निघताना आमची ही घोटभर पाणी पितानाही विचार करते. न्यूझीलंडात २६ दिवस तिने तो विचार केला नाही. पर्यटनाचं खरं धोरण म्हणतात ते हे.

तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाला पर्यटनातलं काय कळतं? नसेल कळत. पण बँकेत एक गोष्ट शिपायालाही कळते : आधी जुनी थकबाकी, मग नवं कर्ज.