पिकअप आधी, ब्रेक मग?

रविवारी पहाटे साडेपाचला चांदणी चौकात थांबून बघा. ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्यांचा घोळका हमखास दिसेल. पोलो, व्हर्टस, एखादी जुनी ऑक्टेव्हिया, आणि कुणाच्या तरी काकांची इम्पोर्टेड गाडी. चहाच्या टपरीवर गप्पा रंगतात त्या एकाच विषयावर. "स्टेज वन केलंस का?" "डाउनपाइप टाकला?" "आता किती हॉर्सपॉवर निघते?" या सगळ्यात "ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं रे?" असं विचारणारा मात्र सापडत नाही. सापडलाच तर ग्रुप त्याला 'आजोबा' म्हणतो.

ताकद वाढवण्याची ही हौस हवेतून आलेली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने ऑक्टेव्हिया आरएस पुन्हा भारतात आणली. पूर्ण तयार, आयात केलेली, २६५ पीएस ताकदीची, एक्स-शोरूम सुमारे ५० लाखांची. देशभरासाठी फक्त १०० गाड्या होत्या आणि त्या बुकिंगमध्येच संपल्या. युरोपात हीच गाडी वॅगन म्हणूनही मिळते. बाहेरून घरगुती, मागे सामानाला भरपूर जागा, आणि बॉनेटखाली टर्बो. अशी वॅगन घ्यायची आणि तिचे ब्रेक, सस्पेन्शन, इंजिन सवडीने अपग्रेड करत बसायचं, हा तिकडचा जुना शौक आहे. आपल्याकडे वॅगन फार रुजली नाही. टाटांनी १९९२ मध्ये इस्टेट आणली, २००४ मध्ये इंडिगो मरीना. दोन्ही फार काळ टिकल्या नाहीत. २०१५ मध्ये ऑडीची आरएस ६ अवांत आली, पण तिची किंमत कोटीच्या वर. वॅगन आली नाही, पण तिच्यामागचा शौक आला. रील्समधून, यूट्यूबवरून तो थेट कोथरूड-औंधच्या पार्किंगमध्ये पोहोचला. तिथे त्याच्या हाताला लागली आपल्याच चाकणला बनलेली, सेकंडहँड मिळणारी पोलो जीटी.

येताना मात्र त्या शौकातला एक नियम वाटेतच गळून पडला. तिकडच्या जाणत्या हौशी लोकांत क्रम ठरलेला असतो: आधी टायर, मग ब्रेक, मग सस्पेन्शन, आणि सगळ्यात शेवटी ताकद. आपण तो बरोबर उलटा केला.

लॅपटॉप स्वस्त, लोखंड महाग

उलटा का झाला, याचं उत्तर सोपं आहे. टर्बो गाडीची ताकद वाढवायला नटबोल्टही उघडावा लागत नाही. गाडीच्या ईसीयूला लॅपटॉप जोडायचा, टर्बोचा दाब, इंधन आणि इग्निशनची गणितं बदलणारी नवी फाइल भरायची. तासाभरात गाडी वेगळीच धावू लागते. यालाच 'स्टेज वन' म्हणतात. बाहेरून काहीही दिसत नाही. घरच्यांना कळत नाही, चौकातल्या पोलिसांनाही नाही.

ब्रेकचं तसं नाही. मोठी डिस्क, जास्त पिस्टनचा कॅलिपर, तो मावेल असं मोठं व्हील, त्याला साजेसे टायर असा सगळा लोखंडाचा हिशोब असतो आणि तो लाखाच्या घरात सहज जातो. एवढं करूनही कॉलर ताठ करून दाखवावं असं काही हाती येत नाही. 'माझी गाडी लवकर थांबते' या वाक्यावर रील व्हायरल होत नाही.

मग मधला मार्ग निघतो: कॅलिपरला लाल रंग. रंगाने गाडी एक इंचही आधी थांबत नाही. कंपन्याही हे जाणून आहेत. व्हर्टसच्या जीटी प्लसला पुढे लाल कॅलिपर आहेत, इंजिन १५० पीएसचं आहे, आणि मागच्या चाकांना मात्र ड्रम ब्रेक. म्हणून ती गाडी असुरक्षित ठरत नाही. कंपनीने जेवढी ताकद दिली, तेवढ्यासाठी ते ब्रेक तपासलेले आहेत. प्रश्न येतो तो आपण त्यावर आणखी ४०-५० पीएस चढवतो तेव्हा. वाढलेल्या ताकदीची ब्रेकना कुणी कल्पनाच दिलेली नसते.

दीड लिटर पाण्याचं गणित

बारावीच्या फिजिक्सकडे जरा परत जाऊ. वेग दुप्पट झाला तर गतिज ऊर्जा चौपट होते. १४०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची, तर ब्रेकना सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. एवढ्या उष्णतेत दीड लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. तीच गाडी १४० वर असेल तर तीन लिटर. वेग वाढला ४० टक्के, ब्रेकचं काम झालं जवळपास दुप्पट.

हे एकदा करायला कुठलाही ब्रेक तयार असतो. अडचण येते ते पुन्हा पुन्हा करावं लागल्यावर. सिंहगडाचा घाट उतरताना येणारा जळका वास आठवतोय? तो पॅडचा असतो. पॅड ठरावीक तापमानापुढे गेला की त्याची पकड घटते. पेडल नेहमीसारखंच दाबलं जातं, पण गाडी थांबायला तयार नसते. याला 'फेड' म्हणतात. दुसरा प्रकार याहून वाईट. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ४ फ्लुइड २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरलेलं तेच फ्लुइड १५५ अंशांनाही उकळू शकतं. उकळलं की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पेडल थेट फ्लोअरला टेकतं. पुण्याचे चार पावसाळे काढलेलं फ्लुइड घेऊन ताम्हिणी उतरताना हे लक्षात असू द्या.

आणखी एक गैरसमज: गाडी ब्रेक थांबवतात. ब्रेक फक्त चाक थांबवतात. गाडी थांबवतो तो टायर. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरवर १०० च्या वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण ५० मीटरमध्ये थांबेल. ओल्या रस्त्यावर टायर गुळगुळीत झालेले असतील, तर हेच अंतर दुप्पट होऊ शकतं. मग कॅलिपर सहा पिस्टनचा असो नाहीतर आठ.

आणि नुसता पुढचा ब्रेक मोठा केला म्हणून काम झालं असंही नाही. पुढच्या-मागच्या ब्रेकमधला तोल बिघडतो. मोठ्या पिस्टनला जास्त फ्लुइड लागतं, त्यामुळे मास्टर सिलिंडर अपुरा पडून पेडल लांब जाऊ शकतं. एबीएसचं गणित कंपनीने मूळ ब्रेकवर बसवलेलं असतं. म्हणजे 'ब्रेक अपग्रेड' हा नुसता पार्ट बदलण्याचा खेळ नाही. त्याला चाचणी लागते, आणि खरा पेच तिथेच आहे.

कायद्याच्या नजरेत सगळे सारखेच

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातले, म्हणजे कंपनीने मुळात दिलेले तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही वाढली. परवानगी नसलेला पार्ट बसवून गाडीत बदल केला, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचे निकष मोडले तर दहा हजारांपर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने बाद.

कायदा कडक आहे आणि तो असायलाच हवा. जप्त केलेल्या बुलेटच्या सायलेन्सरवर पुणे पोलीस रोडरोलर फिरवतात, तेव्हा आसपासच्या सोसायट्यांमधले आजी-आजोबा मनातल्या मनात टाळ्या वाजवत असणार. पण रस्त्यावर पकडलं जातं ते जे ऐकू येतं आणि जे दिसतं. लॅपटॉपने वाढवलेली ताकद दिसत नाही, ऐकूही येत नाही. उलट एखाद्याने प्रामाणिकपणे, पदरमोड करून चांगले ब्रेक बसवले, तर ते चाकाच्या जाळीतून लांबूनही दिसतात. म्हणजे गाडी धोकादायक करणारा बदल सहज लपतो आणि सुरक्षित करू पाहणारा उघडा पडतो.

विमा कंपनीचाही मुद्दा आहे. न कळवता केलेला बदल हे क्लेम नाकारायला पुरेसं निमित्त ठरू शकतं. 'वर्कशॉपवाला म्हणाला काही होत नाही' हे वाक्य सर्व्हेअरसमोर चालत नाही.

सीएनजीला जमतं, मग ब्रेकला का नाही?

मग सगळंच बंद करायचं का? तसं नाही. याच कायद्याने एका मोठ्या बदलाला रीतसर वाट दिली आहे. पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवणं म्हणजे डिकीत उच्च दाबाचा सिलिंडर ठेवणं. ब्रेक पॅडपेक्षा कितीतरी जोखमीचं काम. तरीही ते होतं, कारण त्याची पद्धत आहे. किटला मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी लागते, ते अधिकृत केंद्रात बसवावं लागतं, आणि आरटीओ आरसीवर नोंद करतं. २०१९ च्या दुरुस्तीने रेट्रोफिटिंगचे निकष आणि अटी ठरवायचा अधिकार केंद्राला दिलेला आहे. जर्मनीत परफॉर्मन्स पार्टसाठीही साधारण अशीच वाट आहे. तिथे पार्टसोबत चाचणीचं प्रमाणपत्र येतं, गरज असेल तिथे तपासनीस गाडी बघतो आणि कागदपत्रांत नोंद होते. नोंद नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. नियम आपल्यापेक्षा सैल नाहीत, फक्त 'नाही' म्हणून ते थांबत नाहीत.

गंमत म्हणजे यासाठी लागणारं बहुतेक सगळं पुण्यातच आहे. वाहनांची चाचणी करणारी एआरएआय १९६६ पासून आपल्या वेताळ टेकडीवर उभी आहे. भोसरीला सीआयआरटी आहे. ब्रेक बनवणारी जगप्रसिद्ध ब्रेम्बो चाकणला कारखाना चालवते, आणि तुमच्या केटीएम ड्यूकवर 'बायब्रे' लिहिलेला कॅलिपर आहे तो तिचाच ब्रँड. ब्रेक इथे बनतात, गाड्या इथे बनतात, चाचणी इथे होते. मग ठरावीक मॉडेलसाठी तपासलेला, शिक्का असलेला ब्रेक किट आणि आरसीवर त्याची नोंद, एवढी सोय का नसावी? ती होत नाही तोवर हौशी मुलगा लपूनछपून, कुठल्या तरी गॅरेजमध्ये, खरं-खोटं न कळणाऱ्या बॉक्समधला पार्ट बसवत राहणार.

तोवर आपण काय करायचं?

कायद्याच्या चौकटीत राहून करण्यासारखं बरंच आहे, आणि ते स्वस्तही आहे. फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. पॅड आणि डिस्क झिजण्याआधी बदला, बिल घेऊन, ओळखीच्या दुकानातून. टायरवर काटकसर नको. खोली बघा, तयार झाल्याची तारीख बघा. आणि उतारावर गिअर खाली घ्या, इंजिनाला गाडी धरू द्या. २० नोव्हेंबर २०२२ ला नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने कितीतरी वाहनांना धडक दिली. चालकाने डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं. इंजिन बंद म्हणजे गिअरची पकड नाही आणि एअर ब्रेकला नवी हवाही नाही. तो ट्रक होता, आपली हॅचबॅक असेल. उतार तोच आहे.

आणि ब्रेक कितीही भारी असले तरी ते दाबणारा पाय आपलाच असतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये इम्पोर्टेड पोर्शने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी अल्पवयीन मुलगा दारूच्या नशेत चालवत होता, असा आरोप आहे. त्या गाडीचे ब्रेक कमी पडले, असं आजवर कुणीही म्हटलेलं नाही.

शेवटी एक आपल्याच कॉलेजांमधली गोष्ट. पुण्यातल्या कितीतरी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या टीम फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांसाठी रेसिंग कार बनवतात. रात्र-रात्र जागून इंजिन किंवा मोटर ट्यून करतात. पण स्पर्धेत गाडीला ट्रॅकवर धावू देण्याआधी एक परीक्षा असते. वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, आणि चारही चाकं लॉक होऊन गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे. नाही थांबली तर परत पिटमध्ये. तुमची ताकद किती, हे तोवर कुणी विचारतही नाही.

पुढच्या रविवारी चांदणी चौकात गाडी लावाल, तेव्हा टपरीवर हा प्रश्न टाकून बघा: "ब्रेक टेस्ट पास होशील का?" ग्रुप 'आजोबा' म्हणेल. म्हणू दे.