मशीन बंद आहे

मागच्या सेमची सबमिशन्स चालू असताना घरून फोन आला. मामाला तोंडाचा कॅन्सर झाल्याचं आधीच कळलं होतं, ऑपरेशनही झालं होतं. नंतर डॉक्टरांनी रेडिएशनच्या तीस सिटिंग्ज सांगितल्या. आठवड्यातून पाच दिवस, सलग सहा आठवडे. अकराव्या सिटिंगला मामी त्याला एसटीने पन्नास किलोमीटर घेऊन गेली, तर दारावर कागद चिकटवलेला... "मशीन बंद आहे." किती दिवस? कोणालाच सांगता येईना. कुठलासा पार्ट बाहेरून यायचा होता. तो आला नवव्या दिवशी.

"तू इंजिनियर होतोयस ना रे? काय बिघडलं असेल त्याचं?" मामीने मला फोनवर विचारलं. मी टीई इलेक्ट्रॉनिक्सला, एकही केटी नाही, आणि मला उत्तर देता आलं नाही. तोच प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे.

मित्रांनो, रेडिएशनमध्ये खंड पडला की काय होतं ते आधी समजून घ्या. डोस तुकड्यातुकड्यांनी देतात, कारण दोन सिटिंग्जच्या मधल्या वेळात आपल्या चांगल्या पेशी स्वतःला दुरुस्त करून घेतात. कॅन्सरच्या पेशींना हे तितकंसं जमत नाही. पण मध्ये जास्त दिवस गेले तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये तर हा धोका जास्तच. म्हणजे मशीन बंद पडणं ही नुसती गैरसोय नाही, उपचारातच पडलेलं भोक आहे.

आणि हे मशीन म्हणजे काय? घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असतो तसाच, पण कितीतरी ताकदीचा मॅग्नेट्रॉन (काही मशीन्समध्ये क्लायस्ट्रॉन), त्या लहरींवर वेग घेणारे इलेक्ट्रॉन, ते टंगस्टनवर आदळून निघणारे क्ष-किरण, आणि किरणांना गाठीच्या आकारात अडवणाऱ्या, प्रत्येकी स्वतंत्र मोटर असलेल्या पट्ट्या. मायक्रोवेव्ह, व्हॅक्यूम, कंट्रोल सिस्टीम, मोटर्स! आपल्याच सिलॅबसमधले विषय. ओरलला आपण घडाघड बोलतो, पण हे सगळं एका माणसाच्या जबड्यापाशी एकत्र येतं हे चार वर्षांत आपल्याला कोणी सांगत नाही.

याचं कारण बारावीतच आहे. ज्याने बायो घेतलं तो डॉक्टर, ज्याने मॅथ्स घेतलं तो इंजिनियर. एकदा भिंत उभी राहिली की दोघंही पलीकडे बघत नाहीत. बेडूक कापायला नको म्हणून इकडे आलेले आपल्यात कितीतरी आहेत (मीही त्यातलाच).

पण कॅन्सरच्या उपचारातल्या मोठ्या उड्या बघा, त्या या भिंतीवरूनच मारलेल्या आहेत. सीटी स्कॅन शोधणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते. ते ईएमआय कंपनीतले इंजिनियर, दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम केलेले, आणि युनिव्हर्सिटीची पदवीही नसलेले! एकाच डोक्यातून वेगवेगळ्या कोनांतून क्ष-किरण पाठवायचे आणि मिळालेल्या आकड्यांवरून हजारो समीकरणं सोडवून आतलं चित्र काढायचं, ही त्यांची कल्पना. एम-वनला मॅट्रिक्स शिकताना "याचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनमध्ये पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला आणि 1979 ला हाउन्सफील्ड यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

फार लांब जायला नको, पवईला या. आयआयटी मुंबईतले प्रा. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून रक्ताच्या काही कॅन्सरवर भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती उभी केली. पेशंटच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढायच्या, कॅन्सरच्या पेशीवरची खूण ओळखणारा जीन त्यांच्यात घालायचा, त्या वाढवायच्या आणि परत शरीरात सोडायच्या. ऑक्टोबर 2023 मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. अमेरिकेत तीन-चार कोटी रुपये लागणारा उपचार इथे साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्यात आला. हीसुद्धा सामान्य घराला झेपणारी रक्कम नाही, हे मान्य. पण ती खाली आली, कारण दोन संस्थांची माणसं एकत्र बसली.

आता कोणी म्हणेल, "आम्हीपण करतो की! एआयने कॅन्सर ओळखायचं प्रोजेक्ट, अ‍ॅक्युरसी 99 टक्के!" इथे जरा थांबा. समजा 1000 जणांची तपासणी केली आणि त्यात 5 जणांनाच कॅन्सर आहे. तुमच्या प्रोग्रॅमने डोळे मिटून सगळ्यांना "नाही" म्हटलं तरी अ‍ॅक्युरसी 99.5 टक्के येते. आणि ते पाचही जण घरी जातात. हे कळायला डॉक्टरांशेजारी बसावं लागतं, नेटवरून डेटासेट उतरवून घेतल्याने ते कळत नाही.

उलट बाजूही तशीच. ज्या मशीनवर रोज पेशंट पाठवतात त्याच्या आत काय चालतं, हे एमबीबीएसच्या मुलांनाही फारसं शिकवत नाहीत. मग मशीन बंद पडलं की डॉक्टर, पेशंट, नातेवाईक, सगळे सारखेच हतबल.

म्हणून कॉलेजकडे माझ्या दोन मागण्या आहेत. एक, प्रत्येक ब्रँचचं निदान एक बीई प्रोजेक्ट जवळच्या सरकारी हॉस्पिटलमधल्या खऱ्या अडचणीवर असावं. दरवर्षी तेच फेस रेकग्निशनवाले अटेंडन्स बघून सरांनाही कंटाळा आला असेल! दोन, मेडिकल कॉलेजच्या मुलांना आपल्या लॅबमध्ये बोलवावं आणि आपल्याला त्यांच्या ओपीडीत एक दिवस बसू द्यावं. यासाठी नवी बिल्डिंग लागत नाही, दोन प्राचार्यांचा एक फोन लागतो.

तिसरी मागणी तुमच्याकडे. मामाची तंबाखू आयटीआयच्या होस्टेलवर सुरू झाली. रात्री जागायला बरी म्हणून. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि 2003 च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. आता आपल्या मेन गेटपासून टपरीपर्यंत पावलं मोजा. मी मोजली, साठ भरली. रेक्टर सरांनीही एकदा मोजून बघावीत. जगातलं कुठलंही संशोधन या साठ पावलांइतकं स्वस्त पडणार नाही.

असो. मामाच्या तीसच्या तीस सिटिंग्ज उशिराने का होईना, पूर्ण झाल्या. तो आता मऊ भात खातो, कमी बोलतो, दर दोन महिन्यांनी तपासायला जातो. त्या नऊ दिवसांनी काय फरक पडला हे कोणीच सांगू शकत नाही.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा मामीला वहीत आकृती काढून मशीन समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो पार्ट इथे का नाही बनत?"

पुन्हा उत्तर आलं नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर प्रोजेक्टचा विषय तोच घ्या.