विजेच्या बिलाने फोडले बिंग
छोट्या कंपन्यांतील धोक्याच्या खुणा. चाकणच्या प्रकरणाचा धडा

केडगाव (ता. दौंड), प्रतिनिधी : गुऱ्हाळ सुरू आहे की बंद, हे केडगाव परिसरातील शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. चिमणीतून धूर निघत नसेल आणि आवारात ऊस पडलेला नसेल, तर मालकाने कितीही मोठ्या मागणीची बढाई मारली तरी त्याला कोणी उचल देणार नाही. मात्र हाच शेतकरी, व्यापारी किंवा नोकरदार मोबाईलवरून छोट्या कंपनीचा शेअर घेतो, तेव्हा ही साधी चौकशी राहून जाते. पुणे जिल्ह्यातीलच चाकणशी संबंध असलेले जेन्सोल इंजिनिअरिंगचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

सौरऊर्जा क्षेत्रातील ही अहमदाबादची कंपनी २०१९ मध्ये मुंबई शेअर बाजाराच्या लघुउद्योग मंचावर आली आणि २०२३ मध्ये मुख्य बाजारात दाखल झाली. विजेवरील मोटारी बनविण्याचा तिचा प्रकल्प चाकणला होता. ९ एप्रिल २०२५ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराच्या अधिकाऱ्याने तेथे भेट दिली, तेव्हा उत्पादन सुरू नव्हते. दोन-तीन मजूर तेवढे आढळले. महावितरणच्या बारा महिन्यांच्या बिलांतील सर्वांत मोठे बिल डिसेंबर २०२४ चे, सुमारे १ लाख ५७ हजार रुपयांचे होते. मोटारींच्या कारखान्याचे हे बिल नव्हे, असा निष्कर्ष 'सेबी'ने १५ एप्रिल २०२५ च्या अंतरिम आदेशात काढला.

मागणी की नुसता करार?

२८ जानेवारी २०२५ रोजी कंपनीने ३० हजार मोटारींची पूर्वनोंदणी झाल्याचे शेअर बाजारांना कळविले. प्रत्यक्षात नऊ संस्थांशी २९ हजार मोटारींसाठी केवळ सामंजस्य करार झाले होते. त्यांत ना किंमत होती, ना पुरवठ्याची मुदत. अशा घोषणेत रक्कम, मुदत आणि दंडाची अट नसेल, तर तिला मागणी समजणे धोक्याचे ठरते.

कर्ज गेले कोठे?

इरेडा व पॉवर फायनान्स कॉर्पोरेशनकडून घेतलेल्या ९७७.७५ कोटींच्या कर्जापैकी ६६३.८९ कोटी रुपये ६,४०० मोटारींसाठी होते. या मोटारी ब्लूस्मार्ट या टॅक्सी कंपनीला भाड्याने द्यावयाच्या होत्या. खरेदी झाली ४,७०४ मोटारींची, ५६७.७३ कोटी रुपयांना. स्वतःचा वाटा धरून अपेक्षित खर्च ८२९.८६ कोटी होता, म्हणजे २६२.१३ कोटींचा हिशेब लागला नाही. यातील काही पैसा फिरून प्रवर्तकांच्या गुरगावमधील आलिशान सदनिकेकडे वळल्याचे आदेशात नमूद आहे. कर्जदार कंपनी आणि तिची मोठी ग्राहक कंपनी यांचे प्रवर्तक एकच असतील, तर ताळेबंदातील संबंधित व्यक्तींच्या व्यवहारांचे टिपण आधी वाचावे.

जाहीर असलेल्या खुणा

वीजबिल सामान्य गुंतवणूकदाराला दिसत नाही, हे खरे. परंतु प्रवर्तकांचा हिस्सा २०१९-२० मधील ७०.७२ टक्क्यांवरून सुमारे ३५ टक्क्यांवर आला होता. त्याच काळात किरकोळ भागधारक १५५ वरून सुमारे १ लाख १० हजार झाले. प्रवर्तकांच्या उरलेल्या शेअरपैकीही मोठा भाग तारण होता. ही माहिती दर तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात केअर आणि इक्रा यांनी पतमानांकन थेट 'डी'वर, म्हणजे थकबाकीच्या श्रेणीत आणले. त्याच आठवड्यात मुख्य वित्तीय अधिकाऱ्याने राजीनामा दिला.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. 'सेबी'कडे तक्रार जून २०२४ मध्ये गेली, तेव्हा शेअर अकराशे रुपयांच्या घरात होता. आदेश निघाला तेव्हा तो १३० रुपयांच्या आसपास आला होता. नियामक पुरावा हाती आल्यावरच पाऊल उचलतो, भाव मात्र त्याआधीच कोसळतो. म्हणून प्रवर्तकांचा घटता हिस्सा आणि वाढते तारण दिसताच सावध होणे, हाच गुंतवणूकदाराच्या हातातील उपाय उरतो. शंका असल्यास 'सेबी'च्या 'स्कोअर्स' या व्यवस्थेवर तक्रार नोंदविता येते.

जून २०२५ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. या प्रक्रियेत आधी कर्ज देणाऱ्यांची देणी भागविली जातात. भागधारकाचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो. ऊसबिलाचे किंवा निवृत्तीचे पैसे गुंतविणाऱ्याने हा क्रम शेअर घेण्यापूर्वीच ध्यानात ठेवावा.