आराखडा कोणाचा, यंत्र कोणाचे?

अमेरिकेतील झायलॉग कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेल्या ‘झेड-८०’ या मायक्रोप्रोसेसरच्या स्वतंत्र चिपसाठी नव्या मागण्या स्वीकारणे जून २०२४ मध्ये थांबविले. वृत्तपत्रांच्या आर्थिक पानांना या घटनेची दखल घ्यावीशी वाटली नाही, आणि नफा-तोट्याच्या हिशेबात ते स्वाभाविकच होते. परंतु जगभर विखुरलेल्या एका छोट्या जमातीच्या दृष्टीने ती मोठी वार्ता होती. चाळीस वर्षांपूर्वीचे घरगुती संगणक दुरुस्त करणारे, आणि जे उपलब्धच नाहीत ते मूळ आराखड्यावरून पुन्हा घडविणारे हौशी लोक म्हणजे ही जमात. त्यांचा हा उद्योग म्हणजे निव्वळ गतकाळाचा मोह होय, असे म्हणून त्याची बोळवण करता येईल. तथापि त्यात मालकी आणि ज्ञान यांच्या संबंधाचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे, आणि तो समाजवादी विचाराच्या माणसाने टाळावा असा नाही.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी युगोस्लाव्हियाचे उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल. १९८०च्या दशकाच्या आरंभी त्या देशावर परकीय कर्जाचा मोठा बोजा होता आणि आयातीवर कडक निर्बंध होते. पन्नास जर्मन मार्कांहून अधिक किमतीची वस्तू नागरिकाला परदेशातून मागविता येत नसे. ब्रिटनमध्ये १९८२ साली निघालेल्या ‘स्पेक्ट्रम’ या स्वस्त संगणकाची किंमतही या मर्यादेच्या कित्येक पट होती. ज्याला संगणक हवा त्याच्यापुढे चोरट्या मार्गाने तो आणणे, एवढाच पर्याय उरला होता.

१९८३च्या उन्हाळ्यात वोया अन्तोनिच या तंत्रज्ञाला एक कल्पना सुचली. संगणकात पडद्यावरील चित्र निर्माण करण्यासाठी वेगळी आणि महाग चिप वापरली जाते. हे काम ‘झेड-८०’ मायक्रोप्रोसेसरकडूनच करून घेतले तर? प्रोसेसरचा बराचसा वेळ चित्र रंगविण्यात खर्ची पडेल, यंत्र मंद होईल, परंतु ते सामान्य माणसाच्या आवाक्यात येईल. ४ किलोबाइटची कायम स्मृती आणि २ किलोबाइटपासून पुढे वाढविता येणारी कामचलाऊ स्मृती एवढ्यावर त्यांनी संपूर्ण संगणक उभा केला. सर्किट बोर्ड दोन्ही बाजूंनी छापणे महाग पडते, म्हणून तो एकाच बाजूने छापला आणि उरलेले जोड तारांनी साधले.

येथवरची कथा एका कुशल कारागिराची आहे. तिला सामाजिक वळण मिळाले ते पुढच्या टप्प्यावर. अन्तोनिच यांनी आपला आराखडा कोणत्याही कंपनीला विकला नाही. बेलग्रेडच्या ‘गालाक्सिया’ या विज्ञान-मासिकाने देयान रिस्तानोविच यांच्याकडे एक खास अंक सोपविला आणि १९८३च्या अखेरीस त्यात हा आराखडा सांगोपांग स्पष्टीकरणासह छापला. संगणकालाही मासिकाचेच नाव मिळाले. ८,०००हून अधिक वाचकांनी सुट्या भागांच्या संचाची मागणी नोंदविली. झोरान मोदली यांच्या ‘वेंटिलेटर २०२’ या कार्यक्रमातून बेलग्रेड रेडिओ संगणकाचे प्रोग्रॅम ध्वनीच्या रूपाने प्रसारित करू लागला. श्रोत्यांनी तो कर्कश आवाज कॅसेटवर टिपावा आणि आपल्या यंत्राला ऐकवावा, इतकी ती सोपी व्यवस्था होती.

या यशाचे श्रेय आयातबंदीला देणे हा भाबडेपणा ठरेल. बंदी तर इतर अनेक वस्तूंवरही होती, आणि तिच्यातून बहुधा काळाबाजारच जन्माला आला. शिवाय ‘गालाक्सिया’च्या चिप परदेशीच होत्या, त्यामुळे हे संपूर्ण स्वावलंबनाचे उदाहरणही नव्हे. यश आले ते दोन कारणांनी. पहिले, आराखडा सर्वांसाठी खुला होता. दुसरे, तो वाचून सोल्डरिंगची कांब हाती धरू शकणारा सुशिक्षित वर्ग समाजात तयार होता, आणि मासिक व आकाशवाणी यांसारख्या सार्वजनिक माध्यमांनी त्याला हात दिला. टंचाईने गरज निर्माण केली. ती भागविली वाटून घेतलेल्या ज्ञानाने.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. १९९०च्या दशकात युगोस्लाव्हिया हा देशच युद्धात लयाला गेला. मासिकाने छापलेला आराखडा मात्र टिकला, म्हणून आजही कोणी तरुण तो समोर ठेवून नवा बोर्ड छापून घेतो, जुन्या जातीच्या आयसी शोधतो आणि स्वतःचा ‘गालाक्सिया’ उभा करतो. याउलट ‘स्पेक्ट्रम’च्या केंद्रस्थानी असलेली ‘यूएलए’ ही चिप खास त्या कंपनीसाठी बनविलेली होती. तिचे अंतरंग वर्षानुवर्षे बाहेर आले नाही. अखेर ख्रिस स्मिथ यांनी कसून अभ्यास करून २०१० साली तिच्या रचनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एका ठिकाणी मासिकाची पाने पुरली, दुसऱ्या ठिकाणी उत्खनन करावे लागले. खुल्या आणि बंद ज्ञानातील अंतर याहून स्पष्ट कसे दाखविता येईल?

दुरुस्तीचे कामही हेच शिकविते. काळाच्या ओघात कपॅसिटर सुकतो वा गळतो आणि त्याचे द्रव तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. तारा आणि भाग डोळ्यांना दिसतात, म्हणून दोष शोधता येतो आणि दोन रुपयांचा भाग बदलून यंत्र जिवंत होते. आजचा भ्रमणध्वनी मात्र सरसाने चिकटविलेला असतो. त्याचा नकाशा कंपनीच्या तिजोरीत राहतो. ग्राहक किंमत मोजतो, पावती घेतो, पण त्याच्या हाती येतो तो केवळ वापराचा तात्पुरता परवाना. उपयोगमूल्य शिल्लक असतानाही विनिमयमूल्याच्या सोयीसाठी वस्तू मारली जाते. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्याच्या पाव हिश्शाचीही रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही, हे या व्यवस्थेचे फळ आहे.

जुन्या संगणकांचा नाद हा सुखवस्तू पाश्चात्त्यांचा विरंगुळा आहे, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्यांश आहे. दुर्मीळ यंत्रांचे लिलाव होतात, सट्टाही चालतो. परंतु साठेबाज यंत्र कपाटात ठेवतो, तर पुनर्निर्माता आराखडा दुसऱ्याच्या हाती देतो. या दोघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ‘स्पेक्ट्रम’ची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती पुण्याच्याच एका कंपनीने काढली होती. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर येथे सुटे भाग विकणारे आणि बिघाड नेमका हेरणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बसले आहेत. युरोपात जे कौशल्य छंद म्हणून गौरविले जाते, तेच येथे पोटासाठी केले की ‘मेकॅनिक’ या शब्दात त्याची किंमत संपते. हाताने काम करणाऱ्याला ज्ञानी न मानण्याची आपली जुनी खोड नव्या यंत्रयुगातही सुटलेली नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी माहितीचे एक दालन उघडले, युरोपीय संघाने २०२४ साली यासंबंधी निर्देश काढला. ही पावले स्वागतार्ह आहेत, पण अपुरी आहेत. सर्किटचा नकाशा आणि सुटे भाग स्वतंत्र कारागिराला रास्त दराने मिळालेच पाहिजेत, आणि उत्पादन थांबविणाऱ्या कंपनीने आराखडा जनतेला खुला केला पाहिजे, अशी मागणी कार्यकर्त्यांनी ग्राहक-चळवळीबरोबर आणि या कारागिरांच्या संघटना बांधून पुढे नेली पाहिजे. उत्पादनसाधनांच्या मालकीविषयी समाजवादी चळवळीने आजवर पुष्कळ विचार केला. ती साधने उघडून पाहण्याचा अधिकार नसेल तर मालकी कागदावरच राहते, हा धडा चार किलोबाइटच्या त्या यंत्राने दिला आहे.