कट्ट्याची शिक्षा : अपिलात काय सुटतं, काय नाही?
जालना जिल्ह्यात कुणी गावठी कट्ट्यासह सापडला की पारावर चर्चा ठरलेली, 'वरच्या कोर्टात सुटतोय!' पण तसं नसतं. अपिलात जप्ती, पंच, सील अन् जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी तपासतात. तिथं गंभीर चूक निघाली तर सुटका होऊ शकते. आधीचा गुन्हेगार असेल तर शिक्षेत दया कमीच.

संजय दत्तला टाडा कोर्टाने २००७ मध्ये ६ वर्षं दिली. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ५ केली, दोष कायम. त्या शस्त्राला कायद्यातली किमान शिक्षाच ५ होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या विनापरवाना कट्ट्यालाही किमान २ वर्षं आहेत.

मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस. तुरुंगातल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. घरच्यांनी एजंटामागं पळण्याआधी तिथं जावं.