दारू सुटल्यानंतरची उमेद

गावातले दारूचे दुकान बंद कसे करावे, हे महाराष्ट्रातील परिवर्तनवादी चळवळीला चांगले ठाऊक आहे. स्त्रिया संघटित होतात, मोर्चा निघतो, आडव्या बाटलीला मते पडतात आणि दुकानाला कुलूप लागते. लोकांच्या रेट्यामुळे गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये सरकारने उठवली. दुकानाचे भवितव्य असे सत्तेच्या हेलकाव्यांवर ठरते. परंतु ज्याने प्रत्यक्ष दारू सोडली, त्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न आपल्या ठरावांत क्वचितच येतो.

जिंतूर तालुक्यातील येलदरीचे उदाहरण घेऊ. पूर्णा नदीवर १९६८ मध्ये पुऱ्या झालेल्या धरणाचे हे गाव. अशा गावातला एखादा मजूर दूरच्या शहरातील व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून परत येतो. केंद्रात त्याच्या दिवसाला घडी होती, सोबतीला त्याच्यासारखीच माणसे होती. गावात मात्र तोच पार, तेच सोबती, तेच कर्ज. तो ऊसतोडीला जाणारा असेल, तर मुकादमाची उचल आधीच अंगावर असते आणि दिवाळीच्या सुमारास फड गाठावा लागतो. दिवसभर मोळ्या वाहून आखडलेल्या अंगाला रात्री दारू हाच उतारा, असे तिथे सगळेच मानतात. अशा माणसाला आपण सांगतो, ‘मन खंबीर ठेव, चांगले विचार कर.’

हा उपदेश सद्‌हेतूने केलेला असला, तरी तो शरीराचे शास्त्र विसरतो. वर्षानुवर्षांच्या दारूने मेंदूची घडण बदललेली असते. ती एकाएकी थांबली की पहिल्या काही दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना झटके येतात, भ्रम होतो, आणि त्यात प्राणही जाऊ शकतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू सोडवणे हा निश्चय नव्हे, अविचार आहे. तिथे डॉक्टरच हवा. हा टप्पा ओलांडल्यावरही कित्येक आठवडे मन उदास राहते, चिडचिड होते, कशातच गोडी वाटत नाही. बहुतेकांची ही उदासी तीन-चार आठवड्यांत ओसरू लागते. झोप रुळायला काहींना महिनोन्‌महिने लागतात. उदासी हटेनाच, तर तो वेगळा आजार समजून त्यावर उपचार करावे लागतात. तेव्हा हे खचलेपण म्हणजे दुबळेपणाचा पुरावा नव्हे, बरे होण्याच्या वाटेवरचा तो एक टप्पा आहे, एवढे कळले तरी माणसाला धीर येतो.

आपल्याकडे आजन्म शपथांचे फार कौतुक. देवापुढे, आईच्या पायाशी शपथ घेतली जाते. ती पंधरा दिवसांत मोडते आणि मोडल्याची शरमच त्याला पुन्हा गुत्त्यावर नेते. १९३५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात एका शेअर दलालाने आणि एका शल्यविशारदाने, दोघेही दारूने गांजलेले, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात केली. त्या चळवळीतली शपथ अगदी लहान असते : आजचा दिवस प्यायची नाही. आपल्याकडे १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साह्याने, ‘मुक्तांगण’ उभे केले. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे नव्या रुग्णांचे समुपदेशक झाले. कालपर्यंत ज्याला गाव ओवाळून टाकलेला म्हणत होते, तो आज दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, ह्याहून मोठे औषध कोणते? पाय एकदा घसरला तरी सारे संपत नाही. तो भुकेने घसरला, रागाने, एकटेपणाने की थकव्याने, हे शोधायचे आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागायचे.

आपल्यातील काही जण म्हणतील, शोषण संपले की व्यसन संपेल. दारूच्या महसुलावर सरकारची तिजोरी भरते आणि मजुराच्या वेदनेवर दारूचा धंदा चालतो, हे खरेच आहे. परंतु क्रांती होईपर्यंत त्या मजुराच्या बायकोने वाट पाहावी काय? उलट बाजूला, ‘सकारात्मक विचार’ विकणारी मंडळी आहेत. रिकाम्या हातांनी हसत राहा, असे ती श्रमिकाला शिकवतात. उमेद ही उपदेशाने पेरता येत नाही. हाताला काम, संध्याकाळी सोबत आणि घरात थोडा विश्वास, यांतून ती हळूहळू साठते. त्यातही विश्वास मागण्याची घाई नको. बायकोचा संशय वर्षांच्या अनुभवातून आलेला असतो. तिचा राग आणि तिची भीती ऐकून घेणाऱ्या बायांचीही एक बैठक हवी. नवऱ्याला सांभाळण्याचे सारे ओझे तिच्यावर टाकणे हा दुसरा अन्याय होईल.

मग आपल्या शाखांनी काय करावे? दारू सोडून गावी परतणाऱ्या प्रत्येकामागे दोन कार्यकर्ते नेमावेत आणि पहिले तीन महिने, दुकान बोलावते त्या दिवेलागणीच्या वेळी, त्यांनी त्याच्याबरोबर असावे. गरज पडल्यास जिंतूरला किंवा परभणीला डॉक्टरांकडे न्यावे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, तो अशाच हातांना गावालगत काम मिळावे म्हणून. निदान त्या वर्षी त्याला फडावर जावे लागू नये, यासाठी शाखेने झगडावे. त्याला व्यासपीठावर उभे करून हारतुरे घालू नयेत, आणि ‘किती दिवस टिकतो पाहू’ असे टोमणेही मारू नयेत. आणि शिबिरातली बैठक आटोपल्यावर आपल्याच काही मंडळींची जी दुसरी ‘बैठक’ बसते, ती आधी बंद करावी. तिच्यात पेला पुढे करणारा हात साथीचा असतो, म्हणूनच तो नाकारणे त्याला सर्वांत अवघड जाते.

दुकानाला कुलूप लावणे हा लढ्याचा एक भाग झाला. त्या दुकानावरून रोज संध्याकाळी न वळता घरी जाणाऱ्या माणसाच्या सोबतीने चालणे, हा दुसरा. त्याला घोषणा नाहीत आणि त्याची बातमीही होत नाही. पण समाजवाद्यांनी तो आपला मानला पाहिजे.