दुहेरी चौकोनी कंस

दिवाळी अंकाचं पहिलं पान सहसा सरत्या वर्षातल्या घडामोडींसाठी असतं. यंदा ते आम्ही २००२ सालच्या एका कामाला देत आहोत. जर्मनीतल्या कोलोनमध्ये शिकणाऱ्या माग्नुस मान्स्के या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते केलं, आणि आज आमच्या गावी, मानपुरात बसून कुणी मराठी विकिपीडिया या ज्ञानकोशात चार ओळी घालतो तेव्हा त्या कामाचाच वारसा वापरत असतो.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला तो क्लिफर्ड अ‍ॅडम्स यांच्या ‘यूजमॉडविकी’ या प्रणालीवर. तिच्यात एका पानावरून दुसऱ्या पानाचा दुवा हवा असेल तर शब्द जोडून लिहायचे आणि मधलं एखादं रोमन अक्षर मोठं काढायचं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीतच. तीच रीत राहिली असती तर ‘चंबळ’ नदीच्या पानावरून ‘जानापाव’ डोंगराच्या पानावर जायचं कसं? अ‍ॅडम्स यांनी २००१ मध्येच दुहेरी चौकोनी कंसांची सोय केली. कंसात कोणत्याही लिपीतला शब्द चालतो. मराठीसाठी दार उघडलं ते तिथे, मराठी कुणाच्या मनातही नसताना.

पण लेख साध्या फाइलींमध्ये साठत होते आणि वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांची गर्दी वाढत होती. मान्स्के यांनी सगळी प्रणाली पीएचपी ही संगणकभाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून नव्याने लिहिली. २५ जानेवारी २००२ रोजी इंग्रजी विकिपीडिया तिच्यावर आला. काही महिन्यांतच तीही कमी पडू लागली. मग ली डॅनियल क्रॉकर यांनी पुन्हा मुळापासून लिहिलं, आणि जुलै २००२ मध्ये तिसरी रचना आली. तिलाच पुढच्या वर्षी ‘मीडियाविकी’ हे नाव मिळालं. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. मान्स्के आणि क्रॉकर यांचं हे काम पगारी नव्हतं. मीडियाविकीचा कोड मुक्त परवान्याखाली आहे, तेव्हा एखाद्या शाळेला किंवा मराठी मंडळाला तो आजही विनामूल्य घेता येतो, बदलता येतो.

या धावपळीत एक नुकसान झालं. यूजमॉडविकी ही पहिली प्रणाली पानाच्या आधीच्या आवृत्त्या काही काळाने पुसत असे, त्यामुळे अगदी पहिल्या महिन्यांत कुणी काय लिहिलं याचा मोठा भाग हरवला असंच सगळे धरून होते. डिसेंबर २०१० मध्ये मीडियाविकीचे विकासक टिम स्टार्लिंग यांना जुन्या फाइलींत त्याची प्रत सापडली. सापडली नसती तर पहिल्या फळीच्या श्रमांची नोंदच उरली नसती.

आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती जुना मजकूर जपण्याची हीच गोष्ट. आपल्याकडे एखाद्या संस्थेचं संकेतस्थळ नवं करायचं ठरलं की बैठकीत रंग आणि छायाचित्रं यांवर तास जातो. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेल्या जुन्या स्मरणिकांचा विषयच निघत नाही. तो फाँट गेला की तो मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. रूपांतर करून, मुद्रितं तपासून तो वाचवावा लागतो. हे कंटाळवाणं काम आहे आणि आधी तेच करायला हवं. त्यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही. शुद्धलेखन जाणणारे निवृत्त शिक्षक ते उत्तम करतील. मराठी विकिपीडियावरचे ‘साचा’, ‘चावडी’, ‘इतिहास पहा’ हे शब्दही अशाच भाषा जाणणाऱ्या कुणीतरी विचार करून बसवले आहेत.

आमच्या गावाचं म्हणाल तर माळव्याचं पठार संपून निमाडची उतरण लागते तिथे, आग्रा-मुंबई रस्त्यावर मानपूर आहे. संस्थानी मुलखाच्या मधोमध हा परगणा थेट इंग्रजांच्या अमलाखाली होता. असल्या गोष्टी इथे घरोघरी सांगितल्या जातात. पण ज्ञानकोशाला ऐकीव चालत नाही, छापील आधार लागतो. मराठीत तो आधार पुरवायचं काम दिवाळी अंक करू शकतात. म्हणून या अंकातला माळवा विभाग आम्ही लेखकांच्या संमतीने मुक्त परवान्याखाली देत आहोत. त्यातला मजकूर उचला, वापरा, नाव तेवढं द्या. सनावळीत किंवा नावांत चूक आढळली तर आधारासह कळवा. दुरुस्ती पुढच्या अंकात याच पानावर छापू, म्हणजे तिलाही छापील आधार मिळेल.